दिनकररावांची पहिली बायको

हसायला माझी हरकत नाही, पण हातातला चहा आधी संपवा. मागे एकदा हा किस्सा सांगत होतो तेव्हा आमच्या गजाच्या नाकातून चहा आला, आणि तो सगळा माझ्या धोतरावर!

माणसं मूर्खपणानं काय काय घालवतात. कुणी नोकरी घालवतं, कुणी मैत्री. मी काय केलं? स्वतःचं ठरत आलेलं लग्न मोडलं. आणि मोडलं कुणी म्हणाल, तर माझ्या बायकोनं! आता तुम्ही विचाराल, लग्नाआधी बायको आली कुठून? तेच तर सांगतोय. जरा सबुरी ठेवा.

तेव्हा ग्वाल्हेरात महाराजांचं राज्य होतं. मी सरकारी दफ्तरात कारकून, वय तेवीस, राहायला शहराच्या लश्कर भागात, माधवगंजात. घरात माणसं दोन, मी आणि आई. आणि मला वेड एकच, नाटकाचं. दोन वर्षांतून एकदा दक्षिणेतून एखादी कंपनी यायची, महिनाभर मुक्काम ठोकायची. आम्ही एकच नाटक नऊ-नऊदा पाहायचो. नटाच्या आधी त्याचं वाक्य आम्ही म्हणायचो, पुढच्या रांगेतली मंडळी वळून डोळे वटारायची.

पण कंपनी गेली की? सगळं लश्कर कसं भकास वाटायचं! मग आम्ही दहा-बारा वेड्यांनी एक शक्कल काढली. दर चैत्रात एका रविवारी दुपारी शिंदे की छावनीतल्या देवळाच्या ओवरीत जमायचं. प्रत्येकानं आपल्या आवडत्या नाटकातलं एक पात्र होऊन यायचं, नखशिखान्त. आणि परत जाईपर्यंत त्याच पात्राच्या भाषेत बोलायचं. चहासुद्धा "प्रधानजी, तो प्याला इकडे आणा" असा मागायचा. ज्याचं सोंग सगळ्यांत सरस, त्याला नारळ. ह्याला आम्ही नाव दिलं होतं, सोंगांची बैठक.

सगळे राजे, सेनापती, राक्षस व्हायचे. माझा शेजारी आणि जिवलग मित्र गजा दर वर्षी राक्षस. त्याला फारसं काही करावं लागायचं नाही. मी मात्र पहिल्याच वर्षी ठरवलं, मी हेमांगी होणार.

हेमांगी म्हणजे आमच्या लाडक्या नाटकाची नायिका. राजानं तिच्याशी चोरून लग्न केलेलं असतं आणि ते जगाला सांगायची तिला बंदी असते. तिसऱ्या अंकात ती पदर पसरून असं काही बोलते की दगडालाही पाझर फुटावा!

पहिल्या वर्षी माझीच दगडासारखी गत झाली. ओवरीच्या मागच्या खोलीत चोरून नेसलो. काष्टा सुटला, टोप तिरपा झाला, चाललो तर उंटासारखा. तीन तास खांबामागे उभा राहिलो. पण घरी आलो तेव्हा काहीतरी वेगळंच वाटत होतं. अहो, दफ्तरात हेडक्लार्कनं "सप्रे!" म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. आणि इथं खांबामागून का होईना, मी हेमांगीचं सबंध भाषण म्हटलं होतं. एकदाही अडखळलो नव्हतो!

दुसऱ्या वर्षी आईलाच सांगितलं. ती आधी बघतच राहिली. मग उठली आणि पेटीतून आपली डाळिंबी चंदेरी साडी काढली.

"नेसायचीच तर नीट नेस," म्हणाली. "ह्या निऱ्या आहेत का गाठोडं? सरळ उभा राहा. आणि पावलं छोटी टाक, घोड्यावरून उतरल्यासारखा चालू नकोस."

त्या वर्षी मी खांबाच्या पुढे उभा राहिलो. लोकांनी टाळ्या दिल्या. पदर कसा सावरायचा, मान किती कलवायची, हसताना हात तोंडावर कधी न्यायचा, सगळं आपोआप जमायला लागलं. एकदा पदर खांद्यावर आला की माझ्यातला तो भित्रा कारकून कुठं पळून जायचा देव जाणे. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची. फार मजा यायची.

आणि तिसऱ्या वर्षी ही मजा डोक्यात गेली.

गजा म्हणाला, "अबे, ओवरीत सगळे आपलेच. तिथं टाळ्या घेण्यात काय मोठी बात? दिवसाढवळ्या माधवगंजातून छावनीपर्यंत जाऊन दाखव, तो मानूँ."

"जाऊन दाखवीन."

"टांगेवालासुद्धा ओळखेल तुला."

"बघच तू!"

मी मिशी काढली. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं खांद्यावर हात ठेवून "कोण गेलं हो घरातलं?" म्हणून विचारलं, ते सोडा. रविवारी आई कीर्तनाला गेल्यावर मी घरीच नेसलो. चंदेरी, टोपावर अंबाडा, त्यावर मोगऱ्याची वेणी, नाकात नथ, हातभर बांगड्या. आरशात पाहिलं आणि स्वतःलाच नमस्कार करावासा वाटला. टेचात बाहेर पडलो, टांगा थांबवला.

"कहाँ चलेंगी, बाईजी?"

बाईजी! माझे पाय जमिनीला लागेनात. किती गोड आवाजात मी "छावनी" म्हणालो म्हणून सांगू!

पण छावनीत शिरता शिरता घोड्याचा नाल निखळला. टांगेवाला म्हणाला, "माफी बाईजी, अब ये नहीं चलेगा." देऊळ दोनच गल्ल्यांवर होतं. उतरलो आणि छोटी छोटी पावलं टाकत निघालो. वाटेत एका घराच्या दारात रांगोळी काढलेली, आतून बायकांचा कलकलाट. चैत्रातलं हळदीकुंकू चाललं होतं. दारात एक ठेंगण्याशा म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, मळवटासारखं मोठं कुंकू लावलेल्या.

"अगबाई! या की! बाहेर का उभ्या उन्हात?"

"नाही, मी पुढं..."

"हो हो, पुढं या, पुढं या!" बाईंना ऐकायला कमी येत होतं. त्यांनी माझा हात धरला आणि मला आत ओढलं.

आता मला सांगा, तेव्हाच हात सोडवून पळायला नको होतं का? पळता आलं असतं. पण मनात कोण बसलं होतं? हेमांगी! ती म्हणाली, दिनू, टांगेवाला काय, पुरुषमाणूस. इथं वीस बायका आहेत. इथं पास झालास तर खरा!

आत चैत्रगौर मांडलेली. मला पाटावर बसवलं. कुंकू लागलं, ओटीत भिजवलेले हरभरे पडले, हातात पन्ह्याचा पेला आला. कुणाला म्हणून संशय आला नाही. एकदा वाटलं, आपण फसवतोय ह्यांना, उठावं. पण तेवढ्यात एक बाई दुसरीला म्हणाली, "काय नेटकं नेसल्यात नाही?" झालं! मी अजून ऐसपैस बसलो.

हळद लावायला घरातली एक मुलगी आली, हिरव्या साडीतली, अठरा-एकोणीसची. तिनं माझ्या हाताला हळद लावली, मग खाली पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पाय बरेच मोठे आहेत हो तुमचे."

"चालणं फार होतं," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. ओठ घट्ट मिटून.

तेवढ्यात त्या म्हाताऱ्या बाईंनी, सगळे त्यांना आत्याबाई म्हणत होते, मोठ्यानं विचारलं, "कुठल्या हो तुम्ही?"

"माधवगंजातली."

"आडनाव काय?"

आता ऐन वेळी दुसरं आडनाव सुचायला नको? लश्करात शंभर आडनावं होती. माझ्या तोंडातून निघालं, "सप्रे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आत्याबाई पुढे सरकल्या. "कोणते सप्रे? नाव घ्या बघू, म्हणजे कळेल!"

"हो हो, नाव घ्या! नाव घ्या!"

नाव घेणं माझ्या हातचा मळ. यमकं जुळवण्यात आमच्या बैठकीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण नाव घ्यायचं कुणाचं? वीस जणी तोंडाकडे बघतायत, डोक्यात एकच पुरुष आला. मी मान कलवली, पदर सावरला आणि म्हटलं,

"वाटली डाळ, कैरीचं पन्हं थंडगार,
दिनकररावांच्या जिवावर माझा सारा शृंगार!"

एकदम शांतता.

मला वाटलं, रंगल्या! इतक्या रंगल्या की बोलायचं भान राहिलं नाही! कोपऱ्यात बसलेल्या यजमानीणबाईंच्या हातातली पळी खाली पडली, तीसुद्धा मला दादच वाटली.

"दिनकर सप्रे?" त्यांनी कसंबसं विचारलं. "दफ्तरातले? माधवगंजातले?"

"तेच."

"त्यांचं... लग्न झालंय?"

आणि इथं, मंडळी, माझी अक्कल चरायला गेली. इतकी हातातोंडाशी आलेली संधी! तिसरा अंक समोर चालून आला होता! मी डोळे मिटले आणि हेमांगी बोलायला लागली.

"झालंय हो, दोन वर्षं झाली. पण जगाला सांगायची मला बंदी आहे. देवाच्या साक्षीनं ज्यांनी माळ घातली, तेच चारचौघांत मला ओळख देत नाहीत. कपाळी कुंकू आहे, पण ते कुणाचं, हे ओठांवर आणायचं नाही. सांगा बायांनो, ह्या अभागिनीनं जावं कुठं?"

आणि पदर पसरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी! अहो, अर्ध्या बायका रडत होत्या. आत्याबाईंना शेजारणीनं सगळं कानात ओरडून सांगितलं, तशा त्या माझ्या गळ्यातच पडल्या. "काय सोन्यासारखी पोर! आणि तो मेला कोण दिनकर, त्याचं वाटोळं होवो!"

त्या शापानंसुद्धा मला गुदगुल्या झाल्या. एवढा माझा अभिनय! फक्त ती हिरव्या साडीतली मुलगी रडत नव्हती. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला होता आणि खांदे गदगदत होते. मला वाटलं, फारच हळवी दिसते.

मी डोळे पुसत बाहेर पडलो, ओवरीत गेलो, सगळी हकीकत रंगवून सांगितली, नारळ जिंकला. गजानं कान पकडले. "मान गए उस्ताद!" तिथंच गजानं आणलेलं माझं धोतर नेसलो, साडीचं गाठोडं बगलेत मारलं आणि दिवेलागणीला घरी आलो. त्या रात्री माझ्याइतका सुखी माणूस लश्करात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई चहा घेत होतो. दारात एक गृहस्थ उभे राहिले. मोठी पगडी, झुपकेदार मिशा, हातात काठी, डोळे लाल. आई लगबगीनं उठली.

"अरे, नाना गद्रे! या, बसा. निरोप तरी पाठवायचा."

गद्रे? हे नाव कुठंतरी ऐकलं होतं. आणि मग आठवलं. गेला महिनाभर आई जेवताना सांगत होती, छावनीतल्या गद्र्यांचं स्थळ आहे, मुलगी कमल, पत्रिका जुळते, तू एकदा बघून ये. आणि मी नुसतं "हं" म्हणत होतो आणि मनात हेमांगीच्या चोळीच्या बाह्या मोजत होतो!

"बसायला नाही आलो," नाना कडाडले. "तुमची सून कुठं आहे?"

"सून?" आई म्हणाली. "ती तर तुमच्याच घरातून यायचीय ना?"

"हद हो गई! दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला मुलगा आमच्या गळ्यात बांधता? काल ती पोर आमच्या घरी येऊन ढसाढसा रडली! वीस बायकांसमोर!"

"नाना, अहो, तुमची काहीतरी गफलत होतेय. माझ्या घरात माझ्याशिवाय बाईमाणूस नाही."

एवढ्यात शेजारच्या मिश्राईन, गल्लीतलं सगळं ज्यांना आधी कळतं त्या, कुंपणावरून डोकावल्या. "झूठ काहे बोलूँ बाई, कल दोपहर को मैंने भी देखा. तुम घर पे नहीं थीं. लाल साड़ी में एक बहू तुम्हारे ही दरवाज़े से निकली. बड़ी सुंदर थी."

झालं! साक्षीदारही मिळाला! गल्लीत माणसं जमायला लागली. आई मटकन खाली बसली.

"दिनू," ती म्हणाली, "खरं सांग. कोण आहे ती?"

मी धोतराचा सोगा चिवडत राहिलो. काल पदर होता तेव्हा भाषणं ठोकत होतो, आज धोतरात उभा तर पुन्हा तोच कारकून!

आईनं मिश्राईनला विचारलं, "लाल म्हणजे कशी लाल? डाळिंबी? चंदेरी?"

"हाँ हाँ, वही! ज़री का किनारा."

आई हळूच उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती माझ्याकडे रोखून बघत. "दिन्या! साडीला हळदीचे डाग कुठून आले?"

मग मी सांगितलं. सगळं. मान खाली घालून, अडखळत. नानांनी ऐकून घेतलं आणि काठी आपटली.

"मला वेडा समजता? वीस बायकांना बाई आणि पुरुष ओळखू येत नाही? बायको लपवायला आता हे नाटक!"

"नाना, शपथेवर सांगतो, ती मीच."

"मग दाखवा! आत्ता! इथं!"

तुम्ही हसताय, पण माझ्या पायांना कंप सुटला होता. गल्ली सगळी दारात. मी आत गेलो. आईनंच निऱ्या काढून दिल्या. पण पदर खांद्यावर आला आणि खरं सांगतो, कंप थांबला. नथ अडकवली, मान वर केली आणि बाहेर आलो.

नाना ताडकन उभे राहिले, आदबीनं बाजूला सरले. "बसा ताई, बसा. तुम्ही घाबरू नका. तो हरामखोर कुठं आहे?"

"तो हरामखोर मीच, नाना," मी माझ्या आवाजात म्हणालो.

गजा गर्दीत होता. तो हसून हसून ओट्यावरून पडला. मिश्राईननी "हे राम!" म्हणून डोक्यावर पदर ओढला. नाना मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग जांभळा.

"म्हणजे माझ्या घरात, बायकांच्या हळदीकुंकवात, तुम्ही सोंग घेऊन बसलात? माझी बहीण तुमच्या गळ्यात पडून रडली!"

ते बरोबरच बोलत होते. मी तसाच, नथीसकट, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकलं, नाना. बाहेरूनच परत फिरायला हवं होतं. वाहवत गेलो."

"हे स्थळ संपलं," ते म्हणाले आणि निघून गेले.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. दफ्तरात लोक मला पाहून नावं घ्यायला लागले. मी साडी धुतली, घडी केली, पेटीच्या तळाला घातली आणि ठरवलं, पुरे झाली हेमांगी.

तिसऱ्या दिवशी गद्र्यांकडून निरोप आला. मुलगी म्हणते, मला मुलाला पाहायचंय. आईचा विश्वास बसेना, मला तर घामच फुटला.

गेलो. नाना तोंड फिरवून बसले होते. कमल बाहेर आली आणि मी पाहिलं, तीच! हिरव्या साडीतली!

"तुम्हाला कळलं होतं," मी म्हणालो.

"हळद लावतानाच. मनगटावर एवढे केस!" ती म्हणाली. "नाव घेतलंत तेव्हा तर खात्रीच पटली. मग हसू आवरेना."

"मग तिथंच सांगितलं का नाहीत?"

"वीस जणींनी मिळून तुम्हाला बदडलं असतं. आणि..." ती थांबली. "मला पुढचं भाषण ऐकायचं होतं."

नाना खाकरले. तिनं लक्ष दिलं नाही.

"एक विचारू? ते रडणं खोटं होतं?"

मी विचार केला. "गोष्ट खोटी होती. रडू खरंच येत होतं."

"मग ते सोडू नका," ती म्हणाली. "आणि माझी एक अट आहे. त्या तुमच्या बैठकीला मलाही यायचंय. मला सेनापती व्हायचंय. फेटा, मिशी, तलवार, सगळं पाहिजे."

नानांनी कपाळावर हात मारला. "हे भगवान, दोनों पागल!" पण आवाज उतरला होता, आणि बाप लेकीपुढं किती टिकणार?

ज्येष्ठात लग्न झालं. त्या बायकांपैकी एकूण एक आली होती, मला डोळे भरून पाहायला. पुरुषाच्या पोशाखात कसा दिसतो म्हणून! आत्याबाईंना घरच्यांनी महिनाभर समजावलं होतं की ती बाई आणि हा नवरदेव एकच. त्यांनी मान डोलावली होती, पण मानलं काही नव्हतं.

अक्षता पडल्या, आम्ही जोडीनं नमस्काराला वाकलो. आत्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, सुस्कारा सोडला आणि कमलच्या कानाशी लागल्या. त्यांची कुजबुज म्हणजे सगळ्या मांडवाला ऐकू जाणारी.

"कमले, ती पहिली मी डोळ्यांनी पाहिलीय गं. काय रूप, काय बोलणं, काय नेसणं! तिनं ह्या ध्यानात काय पाहिलं असेल?"

मी मोठ्या आशेनं कमलकडे पाहिलं. म्हटलं, आता बायको आहे, आपली बाजू घेईल.

कमल आत्याबाईंच्या कानाशी वाकली आणि तितक्याच मोठ्यानं ओरडली,

"आत्या, मीसुद्धा हो म्हटलं ते तिच्याकडे बघूनच!"